तुरीचा पैसा थांबतो कुठे? एका शेतकरी कंपनीच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५

२०२४-२५ ची खाती बंद होऊन लेखापरीक्षकांकडे गेली. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते. दरवर्षी सभेत ताळेबंद वाचला जातो, हात वर होतात, ठराव मंजूर होतो आणि मंडपाबाहेर चपला शोधताना सभासद विचारतात, "मंग कंपनी फायद्यात हाय का नाई?" यंदा अध्यक्ष काकाजींनी माझ्याकडे वेगळं काम दिलं. कंपनीच्याच नोंदी खणून आपला धंदा नेमका कसा चालतो ते काढायचं आणि त्याचं असं चित्र करायचं, की सभासदाला त्यावर बोट ठेवून वाचता आलं पाहिजे.

हाताशी आहे ते असं: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, काट्याचं वजनबुक, मिलचं रजिस्टर, कृषी सेवा केंद्राचं साठा रजिस्टर आणि बँकेचे खातेउतारे. कंपनीच्या रकमा या वहीत लिहायच्या नाहीत असं संचालक मंडळानं ठरवलंय. म्हणून हिशेब दाखवायचा असेल तिथे मी हमीभाव धरून एका क्विंटलचा दाखवेन. तो कोणालाही कागद-पेन घेऊन पडताळता येईल.

आपली कंपनी कोणत्या जातकुळीची आहे हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. आपली आहे उत्पादक कंपनी. हा प्रकार अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात आला. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याची कलमं २०१३ च्या कायद्यात बसली. किमान दहा उत्पादक लागतात, संचालक किमान पाच, आणि शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आमच्याकडे तोच सभासद जूनमध्ये दुकानातून बियाणं नेतो, फेब्रुवारीत काट्यावर तूर आणतो आणि सप्टेंबरात मालक म्हणून सभेला बसतो. गिऱ्हाईक, पुरवठादार आणि मालक असा एकच माणूस असलेल्या धंद्याचं चित्र तयार साच्यात सहज बसणार नाही.

५ जुलै

टॅली उघडून बसले. खात्यांची नावं कर आणि लेखापरीक्षण यांच्या सोयीनं पडलेली असतात, धंदा समजावा म्हणून नव्हे. "खरेदी" या एकाच खात्यात तूर, हरभरा, सोयाबीन आणि बारदानाही आहे. "हमाली" एकच, मग ती मिलच्या दारातली असो की दुकानात खताच्या गोण्या उतरवतानाची. टॅलीत कॉस्ट सेंटरची, म्हणजे खर्च धंद्यावार वेगळा नोंदवायची, सोय आहे, ती आजवर वापरली गेली नव्हती. वर्षभराच्या नोंदी एक्सेलमध्ये काढल्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक रकाना वाढवला: धंदा कोणता?

तीन धंदे निघाले. कृषी सेवा केंद्र, हमीभावाची खरेदी आणि दालमिल. उरलेलं सगळं "सामाईक", म्हणजे ऑफिसचं वीजबिल, माझा पगार, सभेचा चहा.

हमीभाव खरेदीनं बराच वेळ घेतला. तिथे माल आमच्या काट्यावर येतो, चाळणी आमची, हमाल आमचे, गंजीही आमच्याच आवारात लागते. पण धान्याचे पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जातात आणि कंपनीला मिळतं ते फक्त कमिशन व हाताळणी. आवारात उभं राहून पाहिलं तर हाच सगळ्यांत मोठा धंदा वाटतो. पैशाच्या वाटेनं पाहिलं तर तो तिन्हींत किरकोळ. म्हणून मालाचं चित्र वेगळं काढायचं आणि पैशाचं वेगळं, हे आज ठरवून टाकलं.

११ जुलै

संचालकांसोबत नऊ चौकटींचा तक्ता भरला. गिऱ्हाईक कोण, त्याला देतो काय, माल पोचतो कसा, भागीदार कोण, खर्च कुठे, उत्पन्न कुठून, असा तो प्रसिद्ध तक्ता. चर्चा चांगली रंगली. "गिऱ्हाईक" या चौकटीत एका संचालक भाऊंनी "अकोल्याचे व्यापारी" लिहिलं, दुसऱ्यांनी ते न खोडता वर "आपलेच सभासद" लिहिलं. दोघांचंही बरोबर आहे.

पण या तक्त्यात रक्कम नाही आणि काळही नाही. शेतीच्या धंद्यात महिना कोणता हे लिहिल्याशिवाय काहीच कळत नाही. तक्ता भिंतीवर राहील, काम पुढे न्यायला तो पुरणार नाही.

१६ जुलै

आज मिलचं रजिस्टर. कंपनीची सुरुवात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेल्या मिनी दालमिलवर झाली होती. आता यंत्र मोठं आहे, पण क्रम तोच. चाळणी, रोलरवर तुरीच्या सालीला ओरखडे, तेलाचा हात, अंगणात उन्हात वाळवण, पुन्हा रोलर, मग साल निघते आणि दाणा फुटतो. फटका डाळ वेगळी, सव्वा नंबर वेगळी, या डाळीच्या प्रती. मग खंडा (तुटकी डाळ), चुनी (भुगा), भुसी (साल).

मिलवर सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं, उतारा. क्विंटलमागे डाळ किती किलो पडली? अशा मिलमध्ये तो साधारण ७० ते ७५ किलोच्या दरम्यान राहतो. उतारा एक किलोनं घसरला तर ऑपरेटर भाऊंना जाब विचारला जातो, रोलरचा एमरी (खरखरीत थर) बदलायचा का यावर बैठक होते. या एका किलोची किंमत किती, ते मांडून पाहिलं.

२०२४-२५ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये. ७२ किलो डाळ पडली तर फक्त तुरीचा खर्च किलोमागे १०४ रुपये ८६ पैसे बसतो. ७३ किलो पडली तर १०३ रुपये ४२ पैसे. चुनी-भुसीचे पैसे यातून वजा व्हायचे आहेत, त्यांनी फरक थोडा कमी होईल, ते इथे सोडून देते. एक किलो उतारा म्हणजे डाळीच्या किलोमागे १ रुपया ४४ पैसे.

मग तीच तूर गोदामात पडून राहिली तर? व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर ७,५५० रुपयांवर महिन्याला साडेपंचाहत्तर रुपये होतात. ७२ किलो डाळीवर वाटले तर किलोमागे १ रुपया ५ पैसे. म्हणजे माल साधारण सहा आठवडे जास्त पडून राहिला की एक किलो उतारा गेल्यासारखंच. चार महिने थांबला तर किलोमागे ४ रुपये १९ पैसे.

उताऱ्याची नोंद आमच्याकडे बॅचवार आहे, दोन सह्यांनिशी. माल आला कधी आणि डाळ होऊन गेली कधी, ही नोंद सलग कुठेच नाही. काट्याच्या बुकात येण्याची तारीख, बिलबुकात जाण्याची, आणि दोघांना जोडणारं काही नाही. माझ्या मते या प्रकल्पाचं खरं काम इथे आहे. व्याज बँक महिन्याच्या शेवटी एकरकमी कापते, म्हणून ते डाळीच्या किलोवर चढलेलं कोणाला दिसत नाही.

२२ जुलै

चित्र कोणत्या पद्धतीनं काढायचं यावर आजचा दिवस. पाय चार्ट नको. त्यात वाटे दिसतात, वाट दिसत नाही. प्रवाहाचा पट्टा हवा. पट्ट्याची जाडी म्हणजे रक्कम, आणि तो जिथे फुटतो तिथे पैसा वाटला जातो. या पद्धतीला सँकी हे नाव पडलं ते आयरिश अभियंता सँकी यांच्यावरून. त्यांनी १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे कुठे वाया जाते ते असं काढून दाखवलं होतं.

पण त्यांच्याही आधी फ्रेंच अभियंता शार्ल मिनार यांनी हे केलं होतं, आणि त्यांचा एक नकाशा पाहताना मी बराच वेळ तिथेच थांबले. युरोपात कच्चा कापूस कुठून किती येतो हे त्यांनी १८५८, १८६४ आणि १८६५ या वर्षांसाठी शेजारी शेजारी काढलं. १८५८ च्या नकाशात अमेरिकेहून निघणारा पट्टा प्रचंड रुंद. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि १८६४ च्या नकाशात तो पट्टा आटून गेला, हिंदुस्थानातून निघणारा मात्र फुगला. त्या काळी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि इथल्या कापसाला त्याच मागणीनं भाव आणला. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कोणत्याही वऱ्हाडी शेतकऱ्याचं नाव नसलेल्या त्या पट्ट्यात आपल्या काळ्या मातीतला कापूस आहे, हे पाहून अंगावर काटा आला.

जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. कापूस जिथे पिकतो तिथे गिरणी. धंद्याची रचना म्हणतात ती हीच. माल किती लांब जातो आणि वाटेत किती दिवस काढतो, याचा निर्णय त्यात आधीच झालेला असतो. आमची दालमिल तुरीच्या शिवारात आहे, म्हणजे अंतराचा प्रश्न आम्ही सोडवलेलाच आहे. दिवसांचा राहिलाय.

२९ जुलै

इतर कंपन्यांचे आकडे वाचायला घेतले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. बाकीच्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून पाहता येतात. वार्षिक हिशेब एओसी-४ या अर्जात असतो, सभासद आणि भागभांडवलाची माहिती एमजीटी-७ मध्ये. ज्यांना दुसऱ्याचा धंदा समजून घ्यायचाय त्यांनी विक्रीच्या आकड्यावर न थांबता तीन ओळी शोधाव्यात: साठा, येणं, देणं. त्यांचे दिवस करायचे. साठ्याची किंमत भागिले वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत, गुणिले ३६५. समजा साठा एक कोटीचा आणि विकलेल्या मालाची किंमत चार कोटी, तर माल सरासरी ९१ दिवस पडून असतो. येण्याचे दिवस त्यात मिळवायचे, देण्याचे वजा करायचे. जे उरतं तितके दिवस स्वतःचा किंवा बँकेचा पैसा अडकतो.

शेतमालाच्या कंपन्यांत यात एक मोठी फसगत आहे. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. विदर्भात तुरीची आवक जानेवारी ते मार्चमध्ये उसळते, म्हणजे तूर दळणाऱ्या कंपनीचा साठा ३१ मार्चला अगदी कळसाला. साखर कारखान्यांचंही तसंच, गाळप नुकतंच होऊन पोती गोदामात. याउलट सोयाबीन ऑक्टोबरात येतं, त्यात काम करणारी कंपनी मार्चअखेर बरीच मोकळी झालेली असू शकते. एकाच तारखेच्या फोटोवरून दोघींची तुलना केली तर तूरवाली सुस्त आणि सोयाबीनवाली चपळ दिसेल, आणि ते खरं नसेल. दुसऱ्याच्या कंपनीचे महिनावार आकडे मिळत नाहीत. आपले आपल्याकडे आहेत, हीच आपली जमेची बाजू.

६ ऑगस्ट

महिनावार चित्र उभं राहिलं. आडव्या रेषेवर एप्रिल ते मार्च, उभ्यावर अडकलेला पैसा, रंगांचे थर एकावर एक. तूर, डाळ, दुकानातला साठा, सभासदांकडची उधारी, व्यापाऱ्यांकडचं येणं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तुरीचा थर फुगतो, ते अपेक्षितच होतं. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, अंगण कोरडं, मिल दिवसभर चालते. तुरीचा थर बारीक होऊन डाळीचा जाड होतो. पुढे जूनमध्ये पाऊस आला की वाळवण थांबतं आणि मिलही अडखळत चालते. उरलेली तूर आहे तिथेच. नेमक्या त्याच पंधरवड्यात खरीप उभा राहतो. सभासद बियाणं-खत नेतात, त्यातलं बरंच उधारीवर, वायदा दिवाळीचा. दुकानाचा थर त्याच महिन्यांत वर चढतो. जुलै ते सप्टेंबर दोन्ही थर एकमेकांवर बसतात आणि बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे फिरत्या कर्जाची, मर्यादा तिथे टेकते.

आजवर मिलचा हिशेब मिलचा आणि दुकानाचा दुकानाचा, असंच पाहिलं गेलं. दोन्ही वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ठीक चालतात. एकत्र ठेवल्यावर दिसतं की दुकानाला खत रोखीनं घ्यायला जुलैत पैसा नसतो, कारण तो मिलच्या गोदामात तुरीच्या रूपात बसलेला असतो. काकाजींनी स्क्रीनवर जुलैवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथंच तर आपण दरसाल बँकेत जाऊन बसतो!"

१४ ऑगस्ट

काटापट्ट्यांची, म्हणजे काट्यावरच्या वजनाच्या पावत्यांची, सफाई. हे काम कंटाळवाणं म्हणून कोणी सांगत नाही, पण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. एक पट्टी समोर ठेवून लिहिते. निळ्या कार्बनची तिसरी प्रत, कडेला बोटाचा तेलकट ठसा. नावाच्या जागी फक्त आडनाव आणि गावाचं पहिलं अक्षर. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पोती, बारदान्याची कपात. खाली मापाऱ्यानं पेन्सिलीनं "डागी" (खराब दाणा) लिहून त्यापुढे उणे किलो टाकलेत. ओलाव्याचा रकाना छापील आहे, पण कोरा. पाठीमागे कुणाचा तरी मोबाइल नंबर आणि "उद्या ये".

नाव सभासद यादीशी जुळवायचं तर एकाच माणसाची तीन रूपं निघतात, पट्टीवर एक, बँकेत दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. सभासद क्रमांक हाच एकमेव खरा धागा, तो पट्टीवर नाही. पुढच्या हंगामापासून तो छापून येईल. ओलावाही भरायचा. गेल्या खरिपात सरकारनं सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. तेव्हा पट्ट्यांवर ओलावा असता तर आमच्या किती सभासदांना त्याचा उपयोग झाला हे आज सांगता आलं असतं.

ज्या काटापट्ट्या जुळल्या नाहीत त्यांचा माल चित्रात "अनोळखी" या नावानं वेगळा दाखवलाय. दडवायच्या नाहीत.

२० ऑगस्ट

केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क कालपासून ३० सप्टेंबरपर्यंत उठवलं. दुकानात दिवसभर हाच विषय. तुरीची आयात तर मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्तच आहे, मोझांबिक आणि म्यानमारची तूर येते, आणि यंदा खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली रेंगाळला. माल थांबवून ठेवण्यामागे "भाव चढेल" हा हिशेब असतो. तो चढला नाही तर व्याज आणि पडता भाव दोन्ही अंगावर येतात. चित्रात बाहेरून येणारा एक बाण काढला, त्यावर लिहिलं "बंदरावरची तूर".

परवा पोळा. ऑफिस बंद.

३१ ऑगस्ट

संगणकावरचं चित्र छापून भिंतीला लावलं तेव्हा लोक लांबूनच पाहून जात होते. म्हणून आज रिकाम्या गोदामाच्या फरशीवर काढलं. खडू आणि चुन्याची फक्की, आणि पट्ट्याच्या जागी रिकामा बारदाना. शंभर रुपयांच्या डाळविक्रीला शंभर पोती धरली. दाराकडून पोती अंथरत आत आलो. तुरीच्या किमतीची पोती सरळ सभासदांच्या चौकटीकडे वळली, ती इतकी की बाकीचे पट्टे दोऱ्यासारखे दिसायला लागले. हमाली, वीज, तेल, वाहतूक, पॅकिंग. व्याजाची पोती मी मुद्दाम दुसऱ्या रंगाची ठेवली, खताच्या पांढऱ्या रिकाम्या गोण्या.

पॅकिंग करणाऱ्या बचतगटाच्या ताई आधी कडेनं उभ्या होत्या, मग पट्ट्यांतून चालायला लागल्या. एकींनी आपल्या मजुरीच्या पोत्यांवर उभं राहून पलीकडच्या पांढऱ्या गोण्या पाहिल्या. मोजल्या. "हे आमच्याहून जास्त काहून हाय?" मी म्हटलं, ताई, ते बँकेचं व्याज. त्या म्हणाल्या, "बँकेनं तं एक पुडकं बी नाई भरलं."

हा प्रश्न संचालक मंडळापुढे जशाच्या तशा शब्दांत गेला पाहिजे. ताळेबंदात व्याज "वित्तीय खर्च" या ओळीत असतं आणि ती ओळ वाचून कोणाचा आवाज चढत नाही. बारदाना अंथरला की मजुरी आणि व्याज शेजारी शेजारी पडतात, आणि ज्यांच्या हातांनी काम झालंय त्या माणसाला ते सहन होत नाही. होऊही नये.

दुपारी काही म्हातारे सभासद आले. त्यांनी सभासदांकडे जाणारा रुंद पट्टा पाहून समाधान मानलं, "पैसा आपल्याकडंच येऊन राह्यला." तेही चित्रात आहे आणि तेही खरं आहे.

९ सप्टेंबर

डाळ विकण्याच्या दोन वाटा. ५० किलोच्या कट्ट्यातून अकोल्याच्या व्यापाऱ्यांना, किंवा एक किलोच्या पुड्यांतून नागपूर-पुण्याच्या दुकानांना आणि प्रदर्शनांत. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, मोठ्या कट्ट्यावर तो नाही.

किलोमागचा फायदा पाहिला तर पुडा कट्ट्याला मागे टाकतो, आणि संचालकांतल्या तरुण भाऊंचा जीव पुड्यातच आहे. दिवस जोडले की वाट दुहेरी होते. प्रदर्शनात पुडा जातो तो रोखीनं, त्याच दिवशी. दुकानात गेलेल्या पुड्याचे पैसे यायला महिने लागतात, न खपलेले पुडे परत येतात आणि तोवर पॅकिंगची तारीख जुनी झालेली असते. व्यापारी भाव पाडून मागतो, पण आठवड्याच्या आत पैसे खात्यात टाकतो. म्हणून तुलनेसाठी नवा रकाना केला: किलोमागचा फायदा, त्यातून तेवढ्या दिवसांचं व्याज वजा. त्या रकान्यात प्रदर्शन पहिलं, कट्टा दुसरा आणि दुकान तिसरं. पुडा वाईट नाही. पुड्याला उधार देणारं दुकान महाग पडतं.

१६ सप्टेंबर

आता उपाय. थांबणं कमी कसं करायचं?

पहिली सूचना आली ती कायद्यातूनच. उत्पादक कंपनीला सभासदाच्या मालाच्या किमतीतला काही भाग रोखून ठेवून नंतर देता येतो. तसं केलं तर कंपनीचं व्याज लगेच कमी दिसेल. मी याच्या विरोधात लेखी टिपण दिलंय. पैसा थांबण्याचे दिवस त्यानं एकही कमी होत नाहीत, ते फक्त सभासदाच्या खिशात जाऊन बसतात. ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे आणि मार्चमध्ये मुलीची फी भरायचीय, त्यानं कंपनीला बिनव्याजी कर्ज द्यावं, असाच त्याचा अर्थ होतो. ज्याला खरंच सवड आहे त्याच्यासाठी ते ऐच्छिक असावं, बस.

दुसरी वाट जास्त पटते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. तूर गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजानं शेतकऱ्याला मिळते. समजा सभासदानं असं तारण ठेवलं आणि कंपनीनं सगळी तूर फेब्रुवारीतच न घेता मिलच्या वेगानं महिन्या-महिन्याला घेतली. पाऊणभाग ६ टक्क्यांनी आणि पावभाग १२ टक्क्यांनी धरला तर क्विंटलचं महिन्याचं व्याज साडेपंचाहत्तरवरून ४७ रुपयांवर येतं. ते सभासदाच्या नावे पडतं, म्हणून उशिरा घेताना कंपनीनं दरात तेवढी भर घालायला हवी. तरीही किलोमागे ३९ पैसे वाचतात, आणि दोघांचेही.

तिसरी वाट यंत्राची. पावसाळ्यात वाळवायला ड्रायर. त्याची किंमत मोठी, पण त्याचा फायदा उताऱ्यात न शोधता दिवसांत शोधायचा, असं टिपणात लिहिलंय. जून ते सप्टेंबर मिल चालती राहिली तर तुरीचा थर खरिपाच्या उधारीवर चढून बसणार नाही.

२७ सप्टेंबर

सभा झाली. नोटीस नियमाप्रमाणे चौदा दिवस आधी गेली होती. कोरमला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश लागतात, ते दुपारी बारालाच भरले. ताळेबंद वाचून झाल्यावर सगळे गोदामात आले. बारदान्याचं चित्र तसंच ठेवलं होतं आणि भिंतीवर महिन्यांचे थर होते.

सगळ्यांत जास्त वेळ जुलैवर गेला. उधारी दिवाळीऐवजी सोयाबीन विकल्यावर लगेच फेडणाऱ्याला खतावर सूट द्यावी, अशी मागणी सभासदांमधूनच आली. ती मी टिपणात सुचवली नव्हती आणि ती चांगली आहे. एका काकूंनी विचारलं, तूर महिन्या-महिन्याला घेणार तर ज्याच्याकडे ठेवायला घरच नाही त्याचं काय? त्यावर ठराव असा झाला की ठरावीक एकरांच्या आतल्या सभासदांची तूर आधी आणि एकदम घ्यायची, मोठ्यांची टप्प्यानं. एकर किती ते संचालक मंडळ ठरवेल. ड्रायरचा विषय पुढे ढकलला गेला. मला तो यंदाच हवा होता, आणि डिसेंबरच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे. किंमत रोखून ठेवण्याचा पर्याय ऐच्छिक म्हणूनच राहिला.

१ ऑक्टोबर

एओसी-४ आता मुदतीत भरायचा आहे, कागद सीए साहेबांकडे गेले.

नव्या हंगामासाठी काटापट्टीचा नमुना छापायला दिला. सभासद क्रमांक, ओलावा आणि लॉट क्रमांक हे तीन रकाने वाढले. तोच लॉट क्रमांक मिलच्या रजिस्टरात आणि बिलबुकात जाईल, म्हणजे आत आल्याची आणि बाहेर गेल्याची तारीख आपोआप जोडली जाईल. मिलच्या फळ्यावर उताऱ्याशेजारी "दिवस" असा दुसरा आकडा रोज लिहायचा, ऑपरेटर भाऊंनी ते मान्य केलंय. तुरीचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,००० झालाय, तेव्हा १२ टक्क्यांनी क्विंटलचं महिन्याचं व्याज ८० रुपये होईल आणि ७२ किलोच्या उताऱ्यावर डाळीच्या किलोमागे १ रुपया ११ पैसे. फळ्यावर हाच दर लावायचा. सोयाबीनची पहिली गाडी आठवडाभरात येईल, नवे रकाने आधी तिच्यावर भरून पाहू.